इटलीच्या रानांतील आप्त

परकी भाषा शिकावयास बसलेल्यास जनावरांचीं नांवें पाठ करणें हा बहुधा पोरखेळ वाटतो. इटालियन भाषेपुरतें तरी तसें नाहीं. संस्कृताशीं थोडासा परिचय असलेल्या वाचकानें तिच्यांतील वन्य पशूंचीं नांवें एकदां डोळ्यांखालून घालावीं. परक्या गांवीं अवचित आप्त भेटावेत तसें त्यास होईल.

अस्वलास इटालियन लोक 'ओर्सो' म्हणतात. त्याचें मूळ लॅटिन 'उर्सुस'. आणि 'उर्सुस' व आपला 'ऋक्ष' हे एकाच कुळांतले भाऊ. सप्तर्षींना पूर्वीं 'ऋक्ष' म्हणत, असें शतपथब्राह्मणांत सांगितलें आहे. इटलींत त्याच ताऱ्यांना आजहि 'ओर्सा माज्जोरे', म्हणजे थोरली अस्वलीण, म्हणतात. लांडग्याचें 'लूपो' हें नांव भीमाच्या 'वृकोदर' या नांवांतील 'वृका'शीं नातें सांगतें. पाणमांजराच्या 'लोंत्रा'चें नातें संस्कृत 'उद्र' व मराठी 'ऊद' यांपर्यंत पोंचतें. रानडुकराचें 'चिंग्याले' मात्र 'एकटा' या अर्थाच्या लॅटिन विशेषणापासून निघालें.

हे शब्द पाठ करतांना प्रत्येकाचें उपपदहि बरोबर घ्यावें, म्हणजे लिंग चुकत नाहीं. 'इल लूपो' पुल्लिंगी, तर खोकडवाचक 'ला वोल्पे' स्त्रीलिंगी. प्राणी नर असला तरी शब्द बदलत नाहीं. आपल्याकडे नर असली तरी घूस ती घूसच, तसाच हा प्रकार.

शब्दाबरोबर त्या लोकांचें मनहि कळतें. परीक्षेस निघालेल्यास तेथें 'लांडग्याच्या तोंडांत!' अशी शुभेच्छा देतात, व 'मरो तो!' असें उत्तर देण्याची रूढि आहे. लांडगा खरोखरच मरणपंथास लागला होता. १९७० च्या सुमारास इटलींत अवघे शंभरेक लांडगे उरले होते. १९७१ सालीं त्यास कायद्याचें संरक्षण लाभूं लागलें, आणि २०२०-२१ च्या पाहणींत त्यांची संख्या सुमारें ३,३०० भरली. अलीकडे पुष्कळ जण त्या शुभेच्छेस 'लांडगा जगो!' असें उत्तर देतात. कायदा बदलल्यावर वाणीहि हळूहळू बदलली.

घरांत कोणी इटालियन शिकत असल्यास 'लोंत्रा' पाठ करवितांना 'ऊद' हा शब्दहि त्यास अवश्य सांगावा. दूरचा नातलग ओळखतां यावा, म्हणून घरचा आधीं माहीत असावा लागतो.