पाऊलवाट : तुरटीचा कडा आणि उघडी दारे

वाचकहो, सप्टेंबर लागला की आपल्या मंडळात दोनच विषय निघतात : गणपती आणि मुलांच्या शाळा. तिसरा आम्ही सुचवतो. थंडी पडण्याआधी एक शनिवार काढा आणि समुद्र गाठा. गेल्या सप्टेंबरात आम्ही चार कुटुंबे यॉर्कशर किनाऱ्यावरच्या स्टेथ्स या खेड्यात गेलो. तिथे कला आणि वारशाचा उत्सव होता. २०१२ साली सुरू झालेला हा उत्सव सप्टेंबरात शनिवार-रविवारी भरतो.

सकाळ चालण्यासाठी राखून ठेवली होती. क्लीव्हलँड वे ही पायवाट स्टेथ्सहून कड्याच्या माथ्यावरून रन्सविक बेला जाते. अंतर सुमारे ३ मैल. डावीकडे समुद्र, उजवीकडे कापणी झालेली शेते. वारा असा की टोप्या हातातच धराव्या लागल्या. वाटेत खाली पोर्ट मलग्रेव्हचे मोडके बंदर दिसते. येथून लोहखनिज बोटींनी टाइन नदीकाठच्या जॅरोला जाई. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला उतरता येऊ नये म्हणून सैन्यानेच ते उद्ध्वस्त केले.

रन्सविकला पुऱ्या आणि बटाट्याची भाजी सोडली. समोर केटलनेसचा उघडाबोडका राखी कडा होता. तो असा का, हे सांगायची संधी आमच्यातला रसायनवाला कशी सोडणार? तो कडा माणसांनी पोखरला आहे, तुरटीसाठी! तिथला शेल हा पापुद्र्यांचा खडक ढीग रचून कित्येक महिने जाळत. त्यातल्या गंधकाचे आम्ल होई आणि खडकातले अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उतरे. त्या पाण्यात पोटॅशसाठी समुद्रशेवाळाची राख घालत, किंवा अमोनियासाठी शिळे मूत्र. ते लंडनहूनसुद्धा बोटीने येई. हे ऐकून मुलांची हसून पुरेवाट झाली. आजींनी मात्र, "आणि ती तुरटी आम्ही पाण्यात फिरवायचो!" म्हणून कपाळाला हात लावला. त्यांची समजूत काढली : इथली तुरटी मुख्यतः लोकरीवर रंग पक्का बसवण्यासाठी आणि कातडी कमावण्यासाठी जाई. १८२९ साली केटलनेस गाव तुरटीच्या कारखान्यासकट समुद्रात घसरले. पुढे कोळशाच्या खाणीतल्या टाकाऊ शेलपासून स्वस्त तुरटी होऊ लागली आणि १८७१ साली बोल्बीचा कारखाना बंद पडला.

वरच्या रस्त्यावरून बसने स्टेथ्सला परतलो. गाव दोन कड्यांच्या बेचक्यात आहे. गाडी वर ठेवून उतरायचे. कॅप्टन कुक १७४५ साली इथे एका दुकानात उमेदवारीला होता. ते दुकान नंतर समुद्राने नेले. विसाव्या शतकाच्या आरंभी इथून ८० होड्या मासेमारीला जात. आता मोजकेच लोक जोडधंदा म्हणून जातात.

उत्सवात कोळ्यांच्या घरांच्या पुढच्या खोल्यांत चित्रे मांडली होती. कोणीही आत जावे, बघावे, बोलावे. चित्रकारांचे या गावाशी जुने नाते आहे. रॉयल अकादमीने १९३६ साली पूर्ण सभासद म्हणून निवडलेल्या लॉरा नाइट तरुणपणी अनेक वर्षे इथे राहिल्या. गल्लीत गाणीबजावणी, धक्क्यावर आइस्क्रीम, मुले खेकडे पकडण्यात दंग.

एका घरच्या बाईंना आम्ही म्हटले, "किती भरलेले गाव आहे तुमचे!" त्या म्हणाल्या, "जानेवारीत या. आमच्या गल्लीत दिवे किती लागतात ते बघा." बरीच घरे सुट्टीपुरती उघडतात. स्थानिक मुलांना ती परवडत नाहीत. शेजारच्या व्हिटबीत २०२२ साली रहिवाशांनी मतदान करून नवी घरे कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत असा कौल दिला. एप्रिल २०२५ पासून नॉर्थ यॉर्कशरमध्ये दुसऱ्या घरांवर दुप्पट कौन्सिल टॅक्स लागतो.

हे ऐकून आमच्यातल्या रत्नागिरीच्या वहिनी गप्प झाल्या. त्यांच्या वाडीतली निम्मी घरे गणपतीपुरतीच उघडतात. झाडलोट, आरत्या, मग पुन्हा कुलूप. वर्षभर तुळशीला पाणी घालायला एक काकू तेवढ्या राहतात.

आम्हाला आपले मंडळ आठवले. गणपतीला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, पण नोव्हेंबरात शनिवारच्या मराठी वर्गाला खुर्च्या मांडायला दोन माणसे मिळत नाहीत. उत्सव दार उघडतो हे खरे. ते वर्षभर उघडे राहायचे तर त्या काकूंसारखे कोणी तरी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या शनिवारांसाठी नावे हवी आहेत. महिन्यातून एकदा आलात तरी चालेल. चिटणीसांना फोन करा.

जाणाऱ्यांसाठी : किनाऱ्याने चालायचे असेल तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी पाहा, कड्याच्या पायथ्याशी बसू नका, आणि घट्ट पकडीचे बूट घाला. चहाचा थर्मास मोठा न्या. पुढच्या अंकी भेटूच.