आधी स्प्रिंग, मग पेट्या

पाऊस ओसरला की रत्नागिरीच्या रस्त्यांवर लांबून आलेल्या मोटारसायकली दिसू लागतात. दोन्ही अंगांना पेट्या, पुढे उंच काच, इंजिनाभोवती लोखंडी गार्ड. आंबा घाट उतरून साखरपा, पाली, हातखंबा करत त्या शहरात येतात, आरे-वारेवरून गणपतीपुळ्याला जातात आणि जयगडला फेरीबोटीत चढून तवसाळमार्गे गुहागरकडे निघतात. अलीकडे आपल्या जिल्ह्यातल्या तरुणांच्या गाड्याही अशाच सजलेल्या दिसतात. आपला मुलूख स्वतःच्या गाडीवरून, स्वतःच्या वेगाने पाहावा असे या पिढीला वाटते, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. लांबच्या प्रवासासाठी गाडीत बदल करण्यातही काही गैर नाही. कंपनी गाडी बनवते ती सरासरी उंचीच्या, सरासरी वजनाच्या माणसासाठी, आणि तसा माणूस प्रत्यक्षात क्वचितच भेटतो.

आमचे म्हणणे बदलांच्या क्रमाविषयी आहे. सगळ्यात आधी पेट्या, दिवे आणि गार्ड येतात. पाठ धरली, बोटे बधिर झाली, वळणावर गाडी बाहेर जाऊ लागली की मग सीट आणि टायरचा विचार सुरू होतो. मागची स्प्रिंग स्वतःच्या वजनाप्रमाणे लावून घेणे हे फारसे कोणाच्या मनातच येत नाही. वास्तविक त्याला जवळजवळ काही खर्च नाही आणि गाडीच्या वागणुकीवर त्याचा परिणाम सर्वांत मोठा.

कोकणात हे अधिक महत्त्वाचे, कारण इथे एका दिवसात रस्ता अनेकदा रूप बदलतो. मुंबई-गोवा महामार्गावर सिमेंटचा रुंद पट्टा लागतो आणि कुठे तरी अचानक वळणरस्ता आणि खडी. चौपदरीकरण दशकाहून अधिक काळ रखडल्याने हा विस्कळीतपणा अंगवळणी पडला आहे. कशेडीला बोगदा झाला, तरी परशुराम, कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा हे घाट आहेतच; २०२१च्या जुलैत दरडी कोसळल्या तेव्हा आंबा घाटाची काय अवस्था झाली होती हे आपण पाहिले आहे. आत वळले की जांभ्याची तांबडी माती आणि शेवटी खाडीकाठची ओली जेटी. या सगळ्यावर एकच गाडी, एकाच मांडणीने चालवायची असते.

म्हणून सुरुवात स्प्रिंगपासून. रॉयल एन्फिल्डची २०१६ साली आलेली ४११ सीसीची हिमालयन घ्या. तिचे मागचे चाक वरखाली सुमारे १८० मिलिमीटर हलू शकते, पुढचे २००. स्वार नेहमीच्या कपड्यांत, सामानासह बसला की या हालचालीचा साधारण तिसरा हिस्सा खर्च व्हावा असा संकेत आहे. म्हणजे मागे सहा सेंटीमीटरच्या आसपास. हे मोजायला एक टेप आणि दोन मित्र पुरतात. गाडी मेन स्टँडवर उभी करून मागचे चाक अधांतरी असताना आसापासून सीटखालच्या एका ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर घ्यायचे, मग चाके जमिनीवर टेकवून, वर बसून, पुन्हा तेच अंतर. दोहोंतला फरक म्हणजे बैठक. ती फार झाली तर शॉकपवरची खाचांची कडी फिरवून स्प्रिंग थोडी आवळायची.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गॅरेजात ‘शॉकप कडक करून द्या’ असे आपण म्हणतो, पण कडी फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. ती आधीपासून थोडी दाबलेली राहते, त्यामुळे गाडीची उंची सुधारते, इतकेच. शेवटच्या खाचेपर्यंत आवळूनही बैठक फारच राहत असेल तर त्या वजनाला ती स्प्रिंग अपुरी आहे आणि जाड तारेची घ्यायला हवी. उलट हलक्या माणसाने ती पूर्ण आवळून ठेवली तर चाकाला खाली जायला वाव उरत नाही. खड्डा आला की चाक त्यात उतरत नाही, वरून उडी मारते आणि क्षणभर रस्ता सोडते.

मागची बाजू तीन-चार सेंटीमीटर जास्त बसली की काय होते? पुढचे फोर्क अधिक तिरपे होतात, पुढच्या चाकावरचा भार घटतो. सरळ रस्त्यावर गाडी स्थिर वाटते, म्हणून कोणाला शंका येत नाही. घाटात मात्र ती वळायला उशीर करते आणि हँडल दाबूनही कडेला सरकत राहते. आंबा घाटाच्या वळणावर ही कड म्हणजे एकीकडे दरी आणि दुसरीकडे समोरून येणारा ट्रक. शिवाय पुढचा दिवा वर उचलला जातो. रात्री हातखंबा-निवळी पट्ट्यात समोरून आलेला झोत डोळ्यांत शिरतो तेव्हा आपण दिव्याला दोष देतो. पुष्कळदा दोष सामानाखाली बसलेल्या मागच्या स्प्रिंगचा असतो.

यानंतर सामान. सर्वांत मागे, कॅरियरवर उंच बसवलेली पेटी सोयीची असते हे खरे. हेल्मेट मावते, कुलूप लागते, मागच्याला टेकायला आधार मिळतो. पण तिचे वजन मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे पडते, म्हणजे तरफेसारखे पुढचे चाक उचलू पाहते. तोच भार खाली, दोन्ही बाजूंना सारखा आणि शक्य तितका स्वाराजवळ ठेवला तर गाडीला तो जाणवतही नाही. हत्यारे, सुट्या नळ्या, पाणी अशा जड वस्तू खाली. वरच्या पेटीत रेनकोट आणि चादर. भरलेल्या पेट्यांनी वेगात हँडल थरथरू लागले तर पेट्यांना नावे ठेवण्याआधी कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचे बेअरिंग, तपासावा. त्यात ढिलाई असेल तर पेटी ती उघड करते, निर्माण करत नाही.

आता शरीर. हँडल, सीट आणि पाय ठेवायची जागा या तीन बिंदूंवर स्वाराची बसण्याची ढब ठरते. बोटे बधिर होतात तेव्हा सहसा मनगट वाकलेले असते. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवून हात, मनगट, बोटे एका रेषेत आणली की अर्धे दुखणे जाते. त्यानेही भागले नाही तर हँडलखाली दोन-तीन सेंटीमीटरचे रायझर घालावेत. ते घातल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल आणि ब्रेकची नळी ताणत नाही ना, हे बघितलेच पाहिजे. केबल ताणली तर वळताना ॲक्सिलरेटर आपोआप वाढतो. हँडल वर आले की अंगाचा भारही मागे सरकतो, म्हणजे वर सांगितलेला पुढचा हलकेपणा आणखी वाढतो. आरामाच्या प्रत्येक बदलाला असा एक धागा हाताळणीशी जोडलेला असतो.

सीटच्या बाबतीत मऊपणाचा मोह होतो. दुकानात बोट दाबून पाहिले की मऊ फोम सुखाचा वाटतो. दोन तासांनी तोच चेपून तळाला जातो आणि माकडहाड थेट पत्र्यावर टेकल्यासारखे दुखते. लांबच्या प्रवासाला रुंद, घट्ट आणि उतार नसलेली सीट बरी. गावचा चांगला कुशनवाला जुन्याच सीटवर हे काम करून देतो, माणसाला बसवून, मापे घेऊन. हजारो रुपयांच्या तयार सीटपेक्षा असे काम पुष्कळदा सरस ठरते, असे आमचे मत आहे.

उंचीचा प्रश्न फेरीबोटीवर सर्वांत स्पष्ट होतो. जयगड-तवसाळ असो वा दाभोळ-धोपावे, भरती-ओहोटीप्रमाणे उताराचा कोन बदलतो, सिमेंटवर शेवाळ असते, लोखंडी फळी ओली असते आणि बोटीत गाड्या इतक्या दाटीने लावतात की पायांनी ढकलत मागे घ्यावी लागते. जवळपास २०० किलोची गाडी, वर सामान, आणि स्वाराची फक्त बोटे टेकलेली. इथे पडणाऱ्या गाड्या वेगाने पडत नाहीत, उभ्या-उभ्या कलंडतात. मोटारसायकलवर फिरणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढते आहे आणि सरासरी उंचीमुळे ही अडचण त्यांना अधिक येते. यावर पहिला उपाय सीटचा फोम कडेने तासून ती अरुंद करण्याचा. मागची लिंक बदलून गाडी खाली आणायची असेल तर पुढचे फोर्कही तेवढेच क्लॅम्पमधून वर काढावे लागतात, नाही तर भूमिती बिघडते. साइड स्टँडही आखूड करावा लागतो. तो तसाच ठेवला तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने दुसऱ्या बाजूला पडते.

टायरविषयी थोडक्यात. रस्त्याला टेकणारा रबराचा भाग तळहाताएवढा. खडबडीत गोट्यांचे टायर रुबाबदार दिसतात, चिखलात कामालाही येतात; पण महामार्गाच्या ओल्या सिमेंटवर त्यांचे कमी रबर टेकते. वर्षातून दोनदा कच्च्या वाटेला जाणाऱ्याने त्यांचा हट्ट धरू नये. मापापेक्षा रुंद टायर मूळ रिमवर चढवला तर त्याची गोलाई बदलते आणि गाडी वळायला आळसावते. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. २३२२ म्हणजे २०२२च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी जुने, वाळलेले रबर पावसात धरत नाही.

काच आणि दिव्यांच्या बाबतीत समुद्र लक्षात ठेवावा. उंच काच छातीवरचा वारा अडवते, पण तिच्या कडेवरून सुटलेला भोवरा नेमका हेल्मेटवर आदळला तर डोके भणभणते. काच दोन बोटे कमी उंच असती तर बरे झाले असते असे मग वाटते. भाट्याच्या पुलावर आडवा वारा लागतो तेव्हा हँडलवर बसवलेली मोठी काच शिडासारखी हँडल ओढते. जादा दिव्यांची वायर मूळ वायरीला सोलून, चिकटपट्टी गुंडाळून जोडली तर खारी हवा आणि पाऊस तो सांधा एकाच हंगामात खाऊन टाकतात. रिले आणि फ्यूज घालून, स्वतंत्र वायर ओढून केलेले कामच इथे टिकते. साध्या लोखंडाच्या कॅरियरचेही तेच. वेल्डिंगच्या सांध्यावर गंज धरतो आणि भार असताना तो सांधा तुटतो.

आता कायद्याकडे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. केंद्रीय नियमांत २०२० साली मोटारसायकलवरच्या हलक्या पेटीची मापेही आली: लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पेटी मागच्या सीटच्या जागी असेल तर फक्त चालकालाच बसता येते.

सायलेन्सर फोडून गावाची झोप उडवणाऱ्यांवर कारवाई व्हावी याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. पण रायझर, स्प्रिंग, सीट आणि बाजूच्या पेट्या यांबाबत सामान्य स्वाराला काय चालते आणि काय नाही हे कुठेही सोप्या मराठीत वाचायला मिळत नाही. नाक्यावरचा पोलीस एक सांगतो, गॅरेजवाला दुसरे. न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो तो वेगळाच. पुण्याच्या बजाज ऑटोने २०२१ मध्ये डॉमिनार ४०० ला उंच काच, हातांचे गार्ड, इंजिनाखालची पट्टी आणि कॅरियर कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली. हा मार्ग चांगला आहे, कारण त्या बदलांची जबाबदारी कंपनी घेते. इतर कंपन्यांनीही निदान स्प्रिंग आणि सीटचे दोन-तीन पर्याय वजन-उंचीप्रमाणे नोंदणीच्या वेळीच द्यावेत.

हा विषय फक्त हौशी स्वारांचा समजू नये. गौरी-गणपतीला मुंबई-ठाण्याहून कितीतरी चाकरमानी लहानशा गाडीवर बायको-मुलांना घेऊन, पिशव्या बांधून गावी येतात. रेल्वेचे आरक्षण मिळत नाही, एसटी भरलेली असते. ऐन पावसात ३०० किलोमीटरहून अधिक अंतर. दोन मोठी माणसे १३० किलो, मूल आणि सामान आणखी ३०. गाडी मात्र रोज एकट्याला कामावर नेण्याच्या मांडणीत. ना स्प्रिंग आवळलेली, ना मागच्या चाकात जोड्याने बसण्याची हवा भरलेली. लहान मूल धरून दोघांपेक्षा जास्त माणसे दुचाकीवर नकोतच, हे सांगितलेच पाहिजे. पण जे दोघे निघणारच आहेत, त्यांच्या गाडीची कडी दोन खाचा फिरवणे, हवा पुस्तिकेत दिल्याप्रमाणे वाढवणे, चेनचा ताण भार चढवून पुन्हा बघणे आणि दिवा खाली करणे हे काम निघण्यापूर्वी अर्ध्या तासात होते.

यासाठी परिवहन विभागाने चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या बदलांची एक मराठी यादी काढावी आणि ती रत्नागिरीच्या आरटीओत, पेट्रोल पंपांवर, गॅरेजात लावावी. आयटीआयच्या मुलांना इंजिन उघडायला शिकवतात, तसेच माणसाला गाडीवर बसवून बैठक मोजायलाही शिकवावे. चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर या महामार्गावरच्या गावांत असे चार-चार मेकॅनिक तयार झाले तर त्यांना वर्षभर काम आहे. आणि पुढच्या गणेशोत्सवात महामार्गावर पोलीस आणि वैद्यकीय मदतीचे मंडप उभे राहतील, तेव्हा त्यांच्या शेजारी हवा, चेन आणि स्प्रिंग विनामूल्य बघून देणारा एक मेकॅनिक बसवावा. जिल्हा प्रशासनाने याची तयारी जून संपण्यापूर्वी करावी, कारण त्यानंतर पावसात कोणालाच वेळ नसतो.