रूळ तुळजापूरचा, माल नळदुर्गचा

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या ८४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाचे स्वागत करण्यात आम्ही कोणाच्याही मागे नाही. श्रीतुळजाभवानीच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांची त्यामुळे मोठी सोय होईल, यात संशय नाही. परंतु या मार्गाची चर्चा निघाली की यात्रेकरूचे नाव प्रथम येते आणि धान्याच्या पोत्याचे नाव येतच नाही, हे आम्हांस चिंताजनक वाटते. केवळ प्रवाशांवर कोणताही लोहमार्ग चालत नसतो. तो मालावर चालतो. हे व्यावहारिक सत्य मार्ग आखतानाच ध्यानी घेतले नाही, तर तुळजापूर तालुक्याच्या पूर्वेस असलेल्या नळदुर्गसारख्या गावांच्या पदरी धावत्या गाडीची वार्ता तेवढी पडेल.

नळदुर्गचे आणि रेल्वेचे हे अंतर जुने आहे. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली, आणि त्याच वर्षी नळदुर्ग निजामाकडून कंपनी सरकारच्या हाती आला. १८६० साली लोहमार्ग सोलापुरास पोहोचला, आणि त्याच वर्षी नळदुर्ग पुन्हा निजामाच्या राज्यात गेला. सोलापूरपासून हा गाव जेमतेम ४५ किलोमीटर. पण रूळ दक्षिणेकडे वळले आणि १८७१ साली रायचूरला मद्रासच्या मार्गास मिळाले. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाईट रेल्वे पुढे १९११ साली लातुरास गेली, तीही उत्तरेकडून. तो अरुंद मार्ग २००८ पर्यंत रुंद झाला आणि धाराशिव शहर त्यास जोडले गेले. एके काळी जिल्ह्याचे ठाणे असलेला नळदुर्ग मात्र होता तेथेच राहिला. बोरी नदी, तो अभेद्य किल्ला, त्यातील पाणीमहाल आणि हैदराबादचा हमरस्ता, एवढेच त्याचे वैभव.

आता आपल्या रेल्वेची घडी कशी आहे ते पाहू. दिल्लीस रेल्वे बोर्ड, त्याखाली मध्य रेल्वेसारखी परिमंडळे आणि त्यांच्याखाली सोलापूरसारखे विभाग, अशी ही उतरंड आहे. याच सोलापूर विभागाला १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वेत टाकले आणि १९७७ साली परत मध्य रेल्वेत आणले. १९२४ पासून स्वतंत्रपणे मांडला जाणारा रेल्वेचा अर्थसंकल्प २०१७ साली सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. तरीही एक गोष्ट पालटली नाही. प्रवासी आणि माल यांची तिजोरी एकच असून तिच्यातील सुमारे दोन-तृतीयांश भर माल घालतो. प्रवाशाचे भाडे खर्चाहून कमी ठेवायचे आणि ती तूट मालाच्या भाड्यातून भरून काढायची, हा जुना रिवाज आहे. गरीब प्रवाशाला स्वस्त तिकीट मिळावे, यास आमचा विरोध नाही. परंतु त्याची किंमत अशी पडते की मालाचे भाडे चढते आणि माल रस्त्याकडे वळतो. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत देशातील मालवाहतुकीचा चार-पंचमांशाहून अधिक भाग रेल्वेकडे होता. आज तो पाव हिश्शाच्या थोडा वर आहे. २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर नेण्याचा संकल्प राष्ट्रीय रेल्वे आराखड्यात आहे. संकल्प स्तुत्य आहे, पण तो भाषणांनी सिद्धीस जाणार नाही, मालधक्क्यांनीच जाईल.

मालगाडी काय करू शकते, हे आपल्या भागास कोणी शिकवावयास नको. एप्रिल २०१६ मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. रूळ रुंद होता म्हणून ते शक्य झाले. सांगोल्याचे डाळिंब २०२० साली किसान रेलने दूरदेशी गेले, तेही सांगोल्यास स्थानक होते म्हणूनच. नळदुर्गच्या सोयाबीनला आणि तुरीला असा मार्ग कोठे आहे?

यावर रेल्वेचे उत्तर ठरलेले असते: पुरेसा माल नाही. या उत्तरात तथ्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. रेल्वेस आज मुख्यतः पूर्ण गाडीचा माल हवा असतो. बेचाळीस बंद वाघिणी भरायच्या म्हणजे अडीच हजार टनांच्या घरातला माल एका वेळी हवा. एकटा शेतकरी वा एकटा अडत्या तो कोठून आणणार? पण बाजार समित्या, सहकारी संस्था आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांनी एकत्र येऊन तो जमविणे अशक्य नाही. मात्र तो साठवावयास गोदाम आणि चढवावयास धक्का आधी हवा. विहीर खणण्यापूर्वीच पाणी दाखवा म्हणणाऱ्यास काय म्हणावे?

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. तुळजापूरच्या स्थानकावर प्रवाशांच्या फलाटाबरोबरच प्रशस्त मालधक्का आणि गोदाम बांधावे. नळदुर्ग ते तुळजापूर हा रस्ता मालमोटारींस बारमाही सोयीचा करावा आणि त्याचा खर्च प्रकल्पाचाच भाग मानावा. तिसरी मागणी आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. ९०४ कोटींच्या मूळ अंदाजाचा हा प्रकल्प २०२५ साली ३,२९५ कोटींवर गेला असून त्याचा अर्धा भार महाराष्ट्र शासन उचलीत आहे. जो अर्धे पैसे देतो त्यास वेळापत्रक आणि मालाच्या सोयी ठरविताना अर्धा शब्दही नसावा, ही कोणत्या न्यायाची भागीदारी?

सोलापूरच्या सुशिक्षित नागरिकांस हा विषय परका वाटू नये. नळदुर्गची तूर आपल्याच बाजारपेठेत येते आणि तिच्या वाहतुकीचा खर्च आपल्याच डाळीच्या भावात मिळतो. आराखड्यात फेरफार करणे आज सोपे आहे. रूळ पडल्यावर ते दसपटीने महाग होईल. भवानीच्या दारी गाडी अवश्य जावो. पण परतताना तिने शेतकऱ्याचे पोते उचलले पाहिजे, एवढाच आमचा आग्रह आहे.