हुप्प्या ग्राम्य, मग टिटवी कोण?

आमच्या वर्गातील घाटंजीकडच्या एका विद्यार्थिनीने गावातल्या पहाटेवर निबंध लिहिला होता. पिंपळावरच्या हुप्प्याने हाक दिली आणि सारी टोळी चिंचेवरून खाली उतरली, असे त्यात एक वाक्य होते. तपासणाऱ्याने 'हुप्प्या'खाली लाल रेघ ओढली आणि समासात शेरा लिहिला : 'ग्राम्य शब्द. माकड लिहा.' तपासणारे आमच्याच पेशातले. तरीही, किंबहुना म्हणूनच, त्या लाल रेघेशी आमचे भांडण आहे.

पहिली गोष्ट, सुचवलेली दुरुस्तीच चुकीची आहे. लालसर तोंडाचे ते माकड. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर, हा भेद मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. लंकादहनात मारुतीचे तोंड काळवंडले, ही लोककथा वानराची आहे, माकडाची नव्हे. आणि 'हुप्प' ही खोल, दूरवर पोचणारी हाक वानरांतल्या प्रौढ नराची. ती देताना तो फांद्या हलवीत झेपा घेतो, दात करकरवतो, शेजारच्या टोळीला आपले ठिकाण कळवतो. वाघ-बिबट्या दिसल्यावरचा खोकल्यासारखा इशारा निराळा. टिपेश्वरच्या रानात फिरणाऱ्याला हा फरक कानानेच कळतो. बोलण्याच्या ओघात कोणत्याही वानराला हुप्प्या म्हटले जाते, हे खरे. पण शब्दाच्या मुळाशी जात, लिंग, वय आणि अधिकार या चारही गोष्टींचे निरीक्षण आहे. 'माकड' या शब्दात त्यांपैकी एकही नाही.

दुसरी गोष्ट ग्राम्यतेची. या प्राण्याच्या शास्त्रीय नावातले 'एंटेलस' हे पद १७९७ साली द्युफ्रेन या फ्रेंच अभ्यासकाने योजले. एंटेलस म्हणजे व्हर्जिलच्या 'इनिड'मधला म्हातारा मुष्टियोद्धा. 'सेम्नोपिथेकस' या ग्रीक घडणीच्या पदाचा अर्थ पूज्य वानर. 'लंगूर'च्या मुळाशी लांगूल, म्हणजे शेपूट. एका नावाने पुराण पाहिले, दुसऱ्याने श्रद्धा, तिसऱ्याने शेपूट. आवाज ऐकला तो 'हुप्प्या'ने. रोमन महाकाव्यातला पहिलवान आम्ही मुकाट्याने शास्त्रीय मानतो. आपल्याच कानांनी घडवलेला शब्द तेवढा आम्हांला लाजिरवाणा वाटतो!

ध्वनीवरून पडलेले नाव पोरकट, असे कोणी म्हणेल. मग टिटवीचे काय करायचे? हे नावही पाखराच्या सादेवरूनच आले आणि कवितेत मानाने बसले. 'बडबड'पासून 'बडबड्या' होतो, तसाच 'हुप्प'पासून 'हुप्प्या'. व्याकरणाला हा शब्द खटकत नाही. खटकतो तो आमच्या प्रतिष्ठेच्या कल्पनेला.

परीक्षेत प्रमाणभाषा हवी, हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. पण प्रमाणभाषा म्हणजे लेखनाची सर्वमान्य शिस्त. शब्दसंग्रहाची छाटणी नव्हे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'ला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरटोळ्यांतील सत्तासंघर्षाची ही कथा आम्ही वर्गात माणसाच्या राजकारणाचे रूपक म्हणून शिकवतो आणि मोकळे होतो. त्यातला प्राणी खिडकीबाहेरच्या कौलांवर बसलेला असतो, याची आठवण आम्ही विद्यार्थ्यांना क्वचितच देतो. मारुती चितमपल्लींनी विदर्भातल्या जंगलांत आयुष्य घालवले आणि रानातल्या माणसांच्या तोंडची नावे मोलाची मानून कोशांत आणली. त्यांच्या गौरवाची भाषणे आम्ही करतो आणि दुसऱ्या दिवशी तशाच एका नावावर रेघ ओढतो.

जानेवारी २०१९मध्ये यवतमाळात ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्हींचा आम्हांला आनंद आहे. परंतु भाषेची काळजी मांडवात जेवढी दिसते, तेवढी उत्तरपत्रिकेच्या समासातही दिसली पाहिजे. अनोळखी शब्द भेटला तर आधी लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ विचारावा, मग लाल शाई उघडावी. एवढीच आमची मागणी आहे.

पुढच्या निबंधात त्या मुलीने 'माकड' लिहिले. तिला दोन गुण जास्त मिळाले. तिच्या पिंपळावर मात्र त्या पहाटेही हुप्प्याच बसला होता.