सातबारा कोरा झाला नाही, नावात कोरी जागा मात्र सापडली



रहिमतपूरच्या बैठकीला येताना सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक बरोबर आणा आणि तिन्हींवरचे आपले नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एकावर 'रामचंद्र' असेल, दुसऱ्यावर 'राम चंद्र'. गावात विचाराल तर माणूस एकच, संगणकाला विचाराल तर दोन. 'नाव जुळत नाही' असा शेरा पडतो आणि अनुदान अडकते.

ही झाली दिसणारी मोकळी जागा. न दिसणारी त्याहून घातक. संगणकात नावाचा रकाना दोन तऱ्हेचा असतो. एक ठरावीक लांबीचा: घरे तीस आणि नाव बारा घरांत बसले, तर उरलेली अठरा घरे यंत्र स्वतःच कोऱ्या जागेने भरते. दुसरा नावापुरताच लांब. ओरॅकलच्या सहाव्या आवृत्तीत अक्षरांचा साधा रकाना दुसऱ्या तऱ्हेचा होता. 1992 च्या सातव्या आवृत्तीत तोच पहिल्या तऱ्हेचा झाला. जुन्या वळणाचे प्रोग्रॅम मात्र जुन्याच रिवाजाने चालवता येत. म्हणजे दप्तर एक, वाचणारे दोन, आणि दोघांची मोजणी वेगळी! माय-एस्क्यूएलचेही तेच. पूर्वी नावाच्या शेवटची कोरी जागा तुलनेत धरत नसत. 2018 च्या आठव्या आवृत्तीपासून, वेगळे सांगितले नाही तर, नव्या तक्त्यांत ती धरली जाते. आल्याचे वजन करताना बारदानाची घट धरायची हे आडतीवरच्या पोराला कळते, ते या यंत्राला सांगावे लागते.

आणि सांगणे अवघड आहे का? तुलना करण्यापूर्वी मागची-पुढची कोरी जागा छाटा, मधली एकसारखी करा. छाटण्याची आज्ञा या सगळ्या यंत्रांत तयार आहे. 'राम चंद्र'सारखे मधूनच तुटलेले नाव यंत्राला उमगले नाही, तर ते तलाठ्यापुढे ठेवा. तो माणूस ओळखतो. हे न करता अर्ज फेटाळणाऱ्यांनी 'तांत्रिक अडचण' हा शब्द आमच्यापुढे काढू नये.

2017 च्या कर्जमाफीत ऑनलाइन अर्ज आणि बँकांच्या याद्या यांचा मेळ बसेना आणि पात्र शेतकरी ताटकळले. सगळा दोष कोऱ्या जागेचा होता असे मी म्हणत नाही. पण याद्या जुळेनात तेव्हा हेलपाटे कुणी घातले? आता एप्रिल 2025 पासून कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे, आणि तो सातबारा व आधार जोडूनच निघतो.

जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनप्रमाद दुरुस्त होतो, अर्ज करा, असे कचेरीत सांगतात. जी जागा शेतकऱ्याने लिहिलीच नाही, तिच्यासाठी अर्जही त्यानेच करायचा, आणि बुडालेली मजुरीही त्याचीच!

मागणी अशी: केवळ मोकळ्या जागेच्या फरकावरून एकही अर्ज फेटाळू नये, आणि फेटाळलाच तर दोन्ही नोंदी जशाच्या तशा छापून लेखी द्याव्यात. ज्यांचे अर्ज नावावरून परत आले, त्यांनी तो कागद बैठकीत आणावा. तहसीलदारांच्या निवेदनाला ते सगळे जोडायचे आहेत.