संधि आणि विग्रह

ज्या गृहस्थानें उभ्या आयुष्यांत शब्दरूपें आणि धातुरूपें यांपलीकडे फारसें कांहीं शिकविलें नाहीं, त्यानें मोटारीच्या क्लचवर लिहावयास बसावें, हें पाहून वाचकांपैकीं कित्येकांना हंसूं येईल. तें त्यांनीं खुशाल हंसावें. परंतु या विषयाचा मोटारीइतकाच घराशींहि संबंध आहे, असें लेख संपेपर्यंत त्यांस आढळून येईल.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां चार महिने इंग्लंडांत शेफील्ड येथें चिरंजीवांकडे राहिलों होतों. शेफील्ड हें टेकड्यांवर वसलेलें शहर. घराबाहेर पाऊल टाकावें तों चढ, नाहीं तर उतार. चिरंजीवांनीं तेथें एक जुनी तांबडी, दोनच माणसांची, टप उघडणारी माझदा एमएक्स-५ गाडी हौसेनें घेतली आहे. पहिल्या घडणीची, १,६०० सीसींची. कळ दाबतांच तिचे पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. हिरोशिमाच्या माझदा कंपनीनें ही गाडी १९८९ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें मांडली, आणि २०१६ सालीं या जातीच्या गाड्यांची संख्या दहा लाखांवर गेली. तिच्या रचनाकारांनीं ‘जिन्बा इत्ताई’ हें जपानी सूत्र डोळ्यांपुढें ठेविलें होतें. घोडा आणि स्वार यांचें एकच शरीर व्हावें, असा त्याचा भाव आहे.

सूनबाईला मोटार येते. परंतु तिनें तिकडची परीक्षा आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीवर दिली. तेथील नियम असा कीं, तेवढ्या परवान्यावर हातानें गिअर बदलावयाची गाडी रस्त्यावर स्वतंत्रपणें चालवितां येत नाहीं. शिकाऊ म्हणून शेजारीं जाणता माणूस बसवावा लागतो व परीक्षा पुन्हां द्यावी लागते. जाणता माणूस अर्थातच चिरंजीव. ते गाडी उत्तम हांकतात. उणें एवढेंच कीं, जें आपणांस सहज येतें तें दुसऱ्यास कां येऊं नये, हें त्यांस कळत नाहीं. तिसऱ्या दिवशीं एका चढावर सिग्नलपाशीं गाडी तीनदां बंद पडली. मागें रांग लागली, कोणी भोंगा वाजविला, आणि चिरंजीव म्हणाले, “हें तुझ्याच्यानें व्हावयाचें नाहीं.” घरीं येऊन सूनबाईनें किल्ली मेजावर ठेविली ती पुन्हां उचलली नाहीं. पुढें पंधरा दिवस घरांत बोलणें होतें, तें मीठ वाढा आणि दार लावा, एवढ्यापुरतें.

हा वृत्तांत कानीं आला तेव्हां मला शल्याची आठवण झाली. कर्णाचा सारथि झालेला हा मद्रदेशचा राजा अश्वविद्येंत श्रीकृष्णाच्या तोडीचा. परंतु रथावर बसून तो कर्णाचा पदोपदीं तेजोभंग करितो. घोडे नीट चालतात, आणि रथी मात्र आंतून खचत जातो. शल्यानें तें युधिष्ठिराला दिलेल्या वचनासाठीं केलें. आम्ही जाणते लोक तें कोणाला वचन न देतांच करितों. मी हें दुसऱ्यास सांगावयाचा अधिकारी नाहीं. माझ्या वर्गांतील एका मुलानें ‘नदी’ शब्दाची षष्ठी तीनदां चुकविली, तेव्हां चाळीस मुलांदेखत मीं त्याला म्हटलें होतें, “बाबा रे, संस्कृत तुझ्यासाठीं नव्हे.” पुढील वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें. मुलगा मंद नव्हता. त्याला आणखी आठ दिवस हवे होते, आणि मला घाई होती.

म्हणून एके दिवशीं जेवतांना मींच सूनबाईला म्हटलें, “माझ्याजवळ शिकतेस का?” मी चेतक स्कूटरवर डाव्या हातानें, आणि पुढें एका जुन्या पद्मिनीवर डाव्या पायानें क्लच शिकलेला माणूस, यापलीकडे माझी योग्यता नाहीं. गांवाबाहेर एका स्नेह्याचें शेत आहे, त्यांत सिमेंटचें मोठें खासगी अंगण आहे. चिरंजीवांनीं गाडी तेथें नेली. आम्ही मागून सूनबाईच्या गाडींतून गेलों. चिरंजीवांना मीं यजमानांकडे चहाला बसविलें. गाडींत जागा दोनच. त्यामुळें तिसऱ्यानें सल्ला देण्याची सोय नव्हती, हा त्या गाडीचा मोठाच गुण म्हणावयाचा.

“सूनबाई, क्लच म्हणजे संधि,” मीं सुरुवात केली.

“मामंजी, व्याकरण नको!” ती म्हणाली, पण हंसली. पंधरा दिवसांनीं प्रथमच.

व्याकरण नको असलें तरी गोष्ट तीच आहे. इंजिन स्वस्थ चालत असतां मिनिटाला सुमारें ८५० फेरे घेतें. त्याहून फार कमी फेऱ्यांवर तें जगूंच शकत नाहीं, बंद पडतें. चाकें मात्र उभीं. एक फिरतें, दुसरें स्थिर. यांना एकदम जोडावें तर एक तरी मोडेल, नाहीं तर मरेल. म्हणून मध्यें क्लच. इंजिनाच्या दांड्याला फ्लायव्हील नांवाची जड चकती जखडलेली असते. तिच्यासमोर घर्षणाचें अस्तर लावलेली क्लचप्लेट असते. ती गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसते. प्रेशरप्लेट आपल्या स्प्रिंगेच्या जोरानें या प्लेटीला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल पूर्ण दाबलें कीं हा दाब उठतो व दोघांचा विग्रह होतो. पेडल सोडीत आणलें कीं अस्तर प्रथम नुसतें चाटतें, मग घासतें, मग धरतें, आणि शेवटीं दोन्ही एका गतीनें फिरूं लागतात. हा संधि. तो व्हावयास लागणारा काळ म्हणजेच क्लचची सारी विद्या.

हें अस्तर झिजणारें असतें. शेफील्डच्या पश्चिमेस, डार्बीशायरमधील चॅपेल-एन-ल-फ्रिथ या गांवाजवळ हर्बर्ट फ्रूड नांवाच्या गृहस्थानें १८९७ सालीं असल्या अस्तरांचा उद्योग आरंभिला. डोंगरउतारावर शेतकरी गाडीच्या लाकडी ब्रेकला जुन्या बुटांचें कातडें लावीत, तें पाहून त्याला ही कल्पना सुचली असें सांगतात. फेरोडो हें पुढें जगभर गाजलेलें नांव त्याच्याच आडनांवाचीं अक्षरें फिरवून, त्यांत एक घालून केलेलें आहे. तेव्हां घांसणें हा दोष नव्हे; अस्तर त्यासाठींच आहे. नको तेवढा वेळ घांसणें हा दोष. त्याचा उग्र जळका वास एकदां नाकांत गेला कीं माणूस विसरत नाहीं.

मग किती वेळ घांसावें? आमच्यासारख्यांना हिशेब हवा. या गाडीच्या पहिल्या गिअरांत इंजिनाचे सुमारें साडेतेरा फेरे होतात, तेव्हां मागच्या चाकाचा एक होतो. म्हणजे इंजिनाच्या ८५० फेऱ्यांना चाकाचे ६३. चाकाचा परीघ सुमारें १.८ मीटर धरला, तर तासाला सातएक किलोमीटर वेग झाला. झपझप चालणाऱ्या मनुष्याचा हा वेग. तेवढी गति येईपर्यंत क्लचनें घांसावें. ती आल्यावर पाय पेडलवरून पूर्ण काढावा. एवढाच काय तो प्रांत डाव्या पायाचा. तो संपल्यावरहि पाय पेडलवर टेकवून ठेवणें, किंवा चढावर गाडी हाफ-क्लचवर तोलून धरणें, हें अस्तर फुकट जाळणें होय.

प्रथम आसन. पेडल तळापर्यंत दाबलें असतांहि गुडघा किंचित् वांकलेला राहील इतकें आसन पुढें घ्यावें. जोडा पातळ तळव्याचा असावा. पेडल चवड्यानें दाबावें. सपाट अंगणांत मीं सूनबाईला उजवा पाय मांडीखालीं दुमडल्यासारखा विसरून जावयास सांगितलें. ॲक्सिलरेटरला स्पर्शहि नाहीं. पहिला गिअर घालून डावा पाय नुसता वर आणावयाचा, इतका हळू कीं मला मनांत दहा मोजतां यावेत. पहिल्या दोन वेळां गाडीनें आचका दिला व बंद पडली. मी बोललों नाहीं. तिसऱ्या वेळीं मीं तिच्या पायाकडे पाहिलें, आणि चूक कळली. गाडी हलली रे हलली, कीं “सुटलों एकदाचे” अशा आनंदानें ती उरलेलें पेडल एकदम सोडून देई. पकड सुरू झाली म्हणजे काम झालें असें तिला वाटे. वास्तविक तेथूनच काम सुरू होत होतें.

“इंजिनाचा आवाज खालीं उतरला आणि गाडीला किंचित् कंप आला कीं पाय तेथेंच थांबव. एक श्वास घे. गाडी स्वतःहून चालूं लागेल. मग सोड.” चौथ्या वेळीं गाडी पाण्यावरच्या होडीसारखी निघाली. तो प्रयोग आम्ही त्या दिवशीं तीसेक वेळां केला. दुसऱ्या दिवशीं उजव्या पायानें थोडें पेट्रोल देऊन तोच. अशा खेळाच्या गाड्यांचें फ्लायव्हील सामान्यतः हलकें असतें. त्यामुळें इंजिनाचे फेरे चटकन् चढतात तसे चटकन् पडतातहि, आणि पायाची चूक झांकून घेणारें फारसें कोणी उरत नाहीं.

चालत्या गाडींत गिअर बदलणें हाहि संधिच. पहिल्या गिअरांत ४,००० फेरे असतां दुसरा घातला, तर त्याच वेगास इंजिनाचे २,४०० फेरेच हवेत. ते तेवढे पडूं द्यावेत व मग पाय सोडावा. उलट चौथ्यांतून तिसऱ्यांत उतरतांना ३,००० चे ४,००० व्हावयास हवेत. म्हणून क्लच दाबलेला असतां ॲक्सिलरेटरला एक हलका टोला द्यावा, आणि फेरे चढल्यावर संधि करावा. गिअरांचे वेग जुळविण्याची यांत्रिक सोय १९२८ सालीं कॅडिलॅक गाडींत आली. परंतु इंजिन आणि दांडा यांचा मेळ अद्यापि चालविणाऱ्याच्या पायावरच आहे. विजेच्या गाडीला यांतलें कांहींच लागत नाहीं, कारण तिची मोटर शून्यापासून जोर देते. तेव्हां ही विद्या उद्यां लागेलच असें नाहीं, हें मला मान्य आहे. पण आज ज्यांच्या दारांत क्लचची गाडी आहे, त्यांना ती हवी.

चढाचा धडा शेवटचा. हँडब्रेक ओढलेला ठेवून, थोडें पेट्रोल देऊन, पाय पकडीपर्यंत आणावा. या गाडीला मागचीं चाकें ओढतात. पकड येतांच तिचा मागचा भाग किंचित् खालीं जातो. तें जाणवलें कीं पाय तेथेंच स्थिर ठेवून हँडब्रेक सोडावा. गाडी मागें जात नाहीं. सूनबाईला हें तिसऱ्या आठवड्यांत साधलें.

मग रस्ता. रस्त्यावर चिरंजीवांवांचून गत्यंतर नव्हतें. आदल्या रात्रीं मीं त्यांना बाजूस बोलावून षष्ठी चुकविणाऱ्या त्या मुलाची गोष्ट सांगितली. गाडीचें नांवहि काढलें नाहीं. ते कांहीं बोलले नाहींत.

सकाळीं दोघें निघालीं. त्याच चढाच्या माथ्यावर आम्ही उभयतां पायीं जाऊन उभीं राहिलों. वळणामुळें सिग्नल दिसत नव्हता, आवाज तेवढा येत होता. विदर्भांत कुंडिनपुरीं ऋतुपर्णाचा रथ आला, तेव्हां नुसत्या घोषावरून सारथि नल आहे असें दमयंतीला वाटलें, ही कथा मीं किती वेळां शिकविली असेल. तिचा अनुभव त्या दिवशीं आला. इंजिनाचा स्वर थोडा चढला, मग किंचित् खालीं उतरला, तेथें एक श्वासभर थांबला, आणि पुन्हां सावकाश चढत गेला. “निघाली,” आमची मंडळी म्हणाली. तिला क्लच म्हणजे काय हें अद्याप माहीत नाहीं. तांबडी गाडी वळणावरून वर आली. सूनबाईचे डोळे रस्त्यावर होते. चिरंजीव शेजारीं दोन्ही हात मांडीवर ठेवून, तोंड मिटून बसले होते. इतका उत्तम सारथि मीं पाहिला नाहीं.

घरांतल्या जाणत्यांना माझी एवढीच विनंति आहे. मुलाला पाढे, सुनेला घरची रीत, नातवाला सायकल, कांहींहि शिकवावयाचें असो. समोरच्या मनानें विषयाची नुकती पकड घेतली, त्या क्षणीं पाय एकदम सोडूं नये, आणि भोंगाहि वाजवूं नये. एक श्वास थांबावें. त्या मुलाच्या बाबतींत मी थांबलों नाहीं, आणि तो कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं. हा लेख त्याच्या घरीं जात असेल, तर त्यानें तो माझें उशिरा दिलेलें उत्तर समजावा.