मैदानाच्या कडेला पालकांचीच परीक्षा

जुलै २००० मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, रेडिंग येथे, मुलांच्या आइस हॉकीच्या सरावावेळी दोन पित्यांत हाणामारी झाली. खेळातील धसमुसळेपणाच्या तक्रारीवरून पेटलेल्या या वादात एकाचा बळी गेला. तोही मुलांच्या डोळ्यांदेखत. दुसऱ्यास २००२ मध्ये ६ ते १० वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. त्याच वर्षी, म्हणजे २००० मध्ये, फ्लोरिडातील जुपिटर येथील क्रीडा संघटनेने पालकांनाच खिलाडूवृत्तीचे धडे घेणे आणि आचारसंहितेवर सही करणे सक्तीचे केले होते. मुलांच्या खेळात शिस्तीची गरज मोठ्यांना भासू लागली, याची ही कबुलीच होती.

श्रद्धाळू ख्रिस्ती पालकांपुढे हा प्रश्न अधिक टोकदार होतो. खेळातून चारित्र्य घडते, हा विचार त्यांच्याच परंपरेने जोपासला. बास्केटबॉलचा जन्म १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेत झाला. धर्मशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या जेम्स नेस्मिथ यांनी मूळ १३ नियमांतच ढकलणे, धरणे, पाडणे यांना मनाई केली. मात्र सकाळी चर्चमध्ये क्षमेची प्रार्थना म्हणणारा पिता दुपारी पंचावर ओरडू लागला, तर मुलाने यातले खरे कोणते मानायचे?

दुसरा पेच रविवारचा. बाहेरगावच्या स्पर्धा शनिवार-रविवारी भरतात आणि उपासना व सामना यांत निवड करावी लागते. अशा वेळी हटकून उदाहरण दिले जाते ते एरिक लिडेल यांचे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी असल्याने या स्कॉटिश धावपटूने आपली हुकमी शर्यत सोडली आणि ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांची वेळ नोंदवून सुवर्णपदक जिंकले. मात्र तो निर्णय एका प्रौढाने स्वतःसाठी घेतला होता आणि त्याची किंमतही स्वतःच मोजायची तयारी ठेवली होती. दहा वर्षांच्या मुलावर असा निर्णय लादणे वेगळे. आईवडील स्वतः कशाचा त्याग करतात, हे त्याला दिसले तरच त्या निर्णयाला अर्थ येतो.

लिडेल यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध याबाबत अधिक बोलका आहे. मिशनरी म्हणून चीनमध्ये गेलेले लिडेल दुसऱ्या महायुद्धात वेइशियन येथील जपानी छावणीत स्थानबद्ध होते. तेथे रविवारी पंचाविना खेळलेल्या हॉकीच्या सामन्यात मुलांची मारामारी जुंपली. पुढच्या रविवारी शिटी घेऊन मैदानात उतरले ते स्वतः लिडेल! स्वतःच्या पदकासाठी त्यांनी जो नियम मोडला नाही, तो मुलांनी भांडू नये म्हणून बाजूला ठेवला. १९४५ मध्ये त्याच छावणीत त्यांचे निधन झाले.

नियम कोणता पाळला यापेक्षा तो कोणासाठी पाळला आणि कोणासाठी सैल केला, हे मुले अचूक टिपतात. सामना संपल्यावर गाडीत बसताना वडिलांचा पहिला प्रश्न ‘जिंकलास का?’ असतो की ‘मजा आली का?’, यावरून घरातील खरी श्रद्धा त्यांना कळते. मग ते घर कोणत्याही धर्माचे असो.